चालतंय तेच वाचायचं असेल तर

टर्मिनलमध्ये 'एलएस' लिहून एंटर दाबलं की फाइलींची यादी समोर येते. ही यादी कोणत्या ओळींनी बनवली, नावांचा क्रम कुठे लागला, रंग कुठून आले, हे वाचून बघावंसं वाटलं तर लिनक्सवर कुणाची आडकाठी नाही. सगळं उघडं आहे. बहुतेक जण मग प्रकल्पाचं नाव इंटरनेटवर शोधतात आणि सगळ्यात नवा टारबॉल, म्हणजे सोर्स कोडच्या सगळ्या फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं, उतरवून घेतात. तो कोड अस्सल असतो, फक्त आपल्या मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रामचा तो असेलच असं नाही. व्हर्जन वेगळी असते, डिस्ट्रोने (उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचाने) घातलेले पॅच, म्हणजे मूळ कोडमधले छोटे बदल, त्यात नसतात, आणि बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधताना, कोणते पर्याय चालू होते नि कोणते बंद, हे त्यातून कळायला मार्ग नसतो. दोन तास ज्या फंक्शनमध्ये दोष शोधावा, ते फंक्शन आपल्याकडच्या व्हर्जनमध्ये नसतंच, असंही होतं.

हस्तलिखितांवर काम करणारी माणसं चर्चेला बसण्याआधी विचारतात, 'कोणत्या प्रतीवरून वाचताय?' सोर्स कोडच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच हवा. चालतंय त्याचीच प्रत हवी असेल तर ती डिस्ट्रोकडून, सोर्स पॅकेजच्या रूपात घ्यावी लागते.

डेबियन आणि त्यावर उभ्या असलेल्या उबुंटू, मिंट यांसारख्या डिस्ट्रोंत सोर्स पॅकेज म्हणजे एक फाइल नसते, बहुधा तीन असतात. पहिली, मूळ लेखकांनी प्रसिद्ध केलेला टारबॉल. त्याच्या नावात 'ओरिग' हा शब्द असतो. दुसरी, डेबियनने स्वतः केलेल्या कामाचा छोटा टारबॉल: आत 'डेबियन' नावाचं एकच फोल्डर, त्यात पॅच, बिल्डचे नियम, डिपेंडन्सींची (लागणाऱ्या इतर पॅकेजांची) यादी आणि चेंजलॉग (बदलांची नोंदवही). तिसरी '.डीएससी' फाइल. ही साध्या मजकुराची, अगदी छोटी, पण सगळ्यात महत्त्वाची. बाकीच्या फाइलींची नावं, आकार आणि शा-२५६ चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) तिच्यात लिहिलेले असतात आणि खाली डिजिटल सही असते. या रचनेचं नाव '३.० (क्विल्ट)'. जुन्या १.० रचनेत दुसऱ्या टारबॉलच्या जागी सगळे बदल एकाच मोठ्या 'डिफ' फाइलीत कोंबलेले असत. कुठला बदल कशासाठी केला ते त्यातून शोधणं फार कष्टाचं होतं. मूळ एका बाजूला, बदल दुसऱ्या बाजूला आणि प्रत्येक बदलाला स्वतंत्र फाइल, ही आजची मांडणी वाचणाऱ्याचा विचार करून केलेली आहे. तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

'डेबियन' फोल्डर म्हणजे वरचं वेष्टन असं समजून ते बाजूला टाकू नये. १९९१च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीने 'संपूर्ण सोर्स' म्हणजे काय ते सांगताना कंपाईल आणि इन्स्टॉल करण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्टही त्यात धरल्या आहेत. हा नुसता कायद्याचा काटेकोरपणा नाही. 'रूल्स' नावाच्या फाइलीतली एखादी ओळ एखादं फीचर बंद करते. ती ओळ वाचली नाही, तर सी भाषेतल्या फाइलींमधले अर्धे फाटे आपल्यासाठी मेलेले आहेत हे समजतच नाही.

आता प्रत्यक्ष मिळवणं. 'ॲप्ट' हे या डिस्ट्रोंचं पॅकेजं आणणारं साधन. टर्मिनलमध्ये 'ॲप्ट सोर्स' आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढीच कमांड. पण उबुंटूवर पहिल्यांदा चालवली की बहुधा तक्रार येते की सोर्सच्या यादीत 'डेब-एसआरसी' पत्तेच नाहीत. यात काही मोडलेलं नसतं. सोर्सची सूची ही बायनरीच्या, म्हणजे बांधून तयार पॅकेजांच्या, सूचीपेक्षा वेगळी फाइल असते, ती दर अपडेटच्या वेळी उतरवावी लागते, आणि बहुतेकांना ती कधीच लागत नाही, म्हणून ती बंद ठेवलेली असते. जुन्या पद्धतीच्या 'सोर्सेस.लिस्ट' फाइलीत 'डेब-एसआरसी'ने सुरू होणाऱ्या ओळींपुढचं हॅशचिन्ह काढायचं. उबुंटू २४.०४पासून ही माहिती 'सोर्सेस.लिस्ट.डी' फोल्डरातल्या 'उबुंटू.सोर्सेस' फाइलीत असते. तिथे 'टाइप्स: डेब' असं लिहिलेलं असतं, त्यापुढे एक जागा सोडून 'डेब-एसआरसी' लिहायचं. या फाइलीत दोन परिच्छेद असतात, एक नेहमीच्या अपडेटचा आणि एक सिक्युरिटीचा. बदल दोन्हींत करा. डेबियनवर तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे सिक्युरिटीचं भांडार (पॅकेजं जिथून उतरतात तो साठा) वेगळं आहे. त्याचा सोर्स चालू केला नाही, तर बायनरी दुरुस्त झालेली आणि सोर्स दुरुस्तीआधीचा, अशी जोडी हाती पडते. कमांड बिनतक्रार चालते, त्यामुळे शंकाही येत नाही. ज्यांना फाइल हाताने बदलायची नाही, त्यांच्यासाठी 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'च्या खिडकीत सोर्स कोडचा चौकोन आहे. काहीही करा, नंतर 'सुडो ॲप्ट अपडेट' चालवायला विसरू नका.

'ॲप्ट सोर्स' मात्र सुडोशिवाय, म्हणजे रूटचे (प्रशासकाचे) अधिकार न घेता, चालवायची. ती सिस्टीममध्ये काही बसवत नाही. आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तिथे फाइली आणून ठेवते आणि उलगडते. सवयीने सुडो लावलं की सगळं फोल्डर रूटच्या मालकीचं होतं, आणि मग एक ओळ बदलायची तरी परवानगी नाकारली जाते. म्हणून आधी एक रिकामं फोल्डर करावं, त्यात जावं आणि 'ॲप्ट सोर्स हॅलो' असं म्हणावं. 'हॅलो' हा ग्नू प्रकल्पाचा अगदी लहान प्रोग्राम आहे, जगाला नमस्कार करतो आणि थांबतो. सोर्स पॅकेजची सगळी रचना त्यात आहे आणि आकार छोटा, त्यामुळे हात बसवायला याहून चांगलं पॅकेज नाही. फाइली उतरल्या पण उलगडल्या नाहीत, तर 'डीपीकेजी-डेव्ह' पॅकेज नाही असं समजावं. उलगडण्याचं काम त्यातलं 'डीपीकेजी-सोर्स' करतं. फक्त फाइली हव्या असतील, उलगडणं नको असेल, तर 'डाउनलोड-ओन्ली' पर्याय द्यायचा.

नावाचा घोळ इथून सुरू होतो. 'एलएस' नावाचं पॅकेज नाही. ते बहुतेक डिस्ट्रोंत 'कोअरयुटिल्स'मध्ये आहे. 'पीएस' आहे 'प्रोकपीएस'मध्ये, 'पिंग' आहे 'आयपीयुटिल्स'मध्ये. एखादी फाइल कोणत्या पॅकेजची ते 'डीपीकेजी' कमांडला कॅपिटल एसचा पर्याय आणि फाइलीचा पूर्ण मार्ग देऊन विचारता येतं. तिथेही एक खाच आहे. पूर्वी 'बिन' आणि 'यूएसआर'मधलं 'बिन' ही दोन वेगळी फोल्डरं होती. आता पहिलं हे दुसऱ्याकडे बोट दाखवणारी लिंक आहे, पण पॅकेजच्या नोंदीत काही फाइली जुन्याच मार्गाने लिहिलेल्या सापडतात. एका मार्गाने 'सापडत नाही' असं उत्तर आलं, तर दुसऱ्या मार्गाने विचारून बघावं.

बायनरी पॅकेजचं नाव कळलं तरी सोर्सचं नाव तेच असेल असं नाही. लिबरऑफिसचा रायटर, कॅल्क, इम्प्रेस ही बायनरी पॅकेजं वेगवेगळी, सोर्स मात्र एकच, 'लिबरऑफिस'. ॲप्ट हे स्वतःच ओळखतं आणि 'अमुकऐवजी तमुक सोर्स पॅकेज निवडतोय' अशी ओळ छापते. ती ओळ वाचावी. रायटरमधली एक छोटी गोष्ट बघायला निघालेल्या माणसाला पूर्ण ऑफिसचा प्रचंड सोर्स उतरत असल्याचं त्या ओळीवरूनच वेळेत कळतं.

व्हर्जनची जुळणी हा या सगळ्याचा गाभा. 'ॲप्ट सोर्स'ला नुसतं नाव दिलं तर सूचीतला त्याच्या दृष्टीने योग्य, बहुधा सगळ्यात नवा सोर्स ते आणतं. आपल्याकडे काय बसलंय ते आधी 'डीपीकेजी'ला एलचा पर्याय देऊन बघावं, आणि पॅकेजच्या नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन तीच व्हर्जन मागावी. व्हर्जनच्या आकड्यातलं प्रत्येक अक्षर काही सांगत असतं. सुरुवातीला '१:' असं काही असेल तर तो इपॉक. जुन्या क्रमांकांचा क्रम चुकला होता म्हणून लावलेला, आणि फाइलीच्या नावात तो येत नाही. '+डीएफएसजी' दिसलं तर मूळ टारबॉलमधून मुक्त परवाना नसलेला भाग काढून डेबियनने तो पुन्हा बांधलाय, म्हणजे प्रकल्पाच्या संकेतस्थळावरच्या टारबॉलशी त्याचा चेकसम जुळणार नाही. शेवटी '+डेब१२यू१' असेल तर ती डेबियन १२ स्थिर झाल्यानंतरची दुरुस्ती. आणि '+बी१' असेल तर सोर्सला कुणी हात लावलेला नाही, फक्त बिल्ड पुन्हा केलाय. त्या शेपटीसकट सोर्स शोधत बसलं तर तो सापडणार नाही, कारण त्या नावाचा सोर्सच नसतो.

बसवलेली व्हर्जन जुनी असेल तर ती भांडारातून निघून गेलेली असते. डेबियनसाठी तेव्हा 'स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग' कामाला येतं. २००५पासूनच्या पॅकेजांचा साठा तिथे आहे, आणि 'डेव्हस्क्रिप्ट्स'मधलं 'डेबस्नॅप' नाव आणि व्हर्जन दिली की तिथून सोर्स आणून देतं. उबुंटूच्या जुन्या व्हर्जन लाँचपॅड या संकेतस्थळावर असतात. 'उबुंटू-डेव्ह-टूल्स' बसवलं की 'पुल-एलपी-सोर्स' तेच काम करतं. नुसतं वाचायचं असेल, उतरवायचं नसेल, तर 'सोर्सेस.डेबियन.ऑर्ग'वर ब्राउझरमध्येच सगळ्या फाइली उघडतात.

सोर्स उलगडताना 'डीपीकेजी-सोर्स' बरेचदा इशारा देतं की डीएससीवरची सही तपासता आली नाही. नवीन माणूस इथे घाबरतो, तर सरावलेला माणूस हा इशारा बघतच नाही. दोघांनीही फरक समजून घ्यायला हवा. ती सही पॅकेज अपलोड करणाऱ्याची असते आणि ती तपासायला लागणारी त्याची चावी आपल्याकडे नसते. 'ॲप्ट सोर्स'ने आणलेल्या फाइलींना एक वेगळी साखळी आधार देते: भांडाराच्या 'रिलीज' फाइलीवर सही, त्या फाइलीत सोर्स-सूचीचा चेकसम, सूचीत डीएससीचा, डीएससीत टारबॉलचा. ही साखळी ॲप्टने आधीच तपासलेली असते, तेव्हा इशारा सोडून दिला तरी चालतं. पण तीच डीएससी 'डीगेट' या कमांडने किंवा ब्राउझरने कुठून तरी उचलली असेल तर ही साखळी नाही. तिथे सहीच एकमेव आधार, आणि 'डेबियन-कीरिंग' बसवून ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उलगडलेल्या फोल्डरात गेल्यावर आधी 'डेबियन' फोल्डरातल्या 'पॅचेस'मध्ये जावं. 'सिरीज' नावाच्या फाइलीत पॅच कोणत्या क्रमाने लागतात ते दिलेलं असतं. चांगल्या मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) प्रत्येक पॅचच्या डोक्यावर तो कशासाठी, कोणत्या बगसाठी, मूळ प्रकल्पाकडे पाठवला की नाही, हे लिहिलेलं असतं. सोर्स वाचायला बसणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण मूळ आणि चालू यांतलं अंतर इतक्या थोडक्यात दुसरं कुणी सांगत नाही. 'ॲप्ट सोर्स' हे पॅच लावूनच फोल्डर देतं. त्या वेगळ्याने पुन्हा लावू नयेत. आपण स्वतः एखादी ओळ बदलून लगेच पॅकेज बांधायला गेलो, तर मूळ सोर्समध्ये अनपेक्षित बदल आहेत असं सांगून 'डीपीकेजी-सोर्स' थांबतं. आपला बदल 'डीपीकेजी-सोर्स'च्या 'कमिट' पर्यायाने स्वतंत्र पॅच म्हणून नोंदवला की काम पुढे सरकतं. बिल्डसाठी लागणारी पॅकेजं 'ॲप्ट बिल्ड-डेप' बसवतं आणि त्याला सुडो लागतं. मोठ्या प्रोग्रामांसाठी ही यादी शेकड्यांत जाते, म्हणून ती वाचूनच हो म्हणावं.

कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, गोष्ट थोडी वेगळी. 'यूनेम'ला आरचा पर्याय देऊन चालू कर्नलचं नाव काढायचं आणि त्या 'लिनक्स-इमेज'चा सोर्स मागायचा, हे सरळ वाटतं. पण उबुंटूवर ती इमेज 'लिनक्स-साइन्ड' नावाच्या सोर्समधून येते आणि त्यात फक्त सिक्युअर बूटची (सही असलेलंच सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) सही लावण्याची यंत्रणा असते. एवढासा कर्नल कसा, असा प्रश्न पडतो. खरा सोर्स हवा तर 'इमेज' आणि व्हर्जन यांच्यामध्ये 'अनसाइन्ड' शब्द असलेलं नाव मागायचं. डेबियनवर 'लिनक्स' एवढंच नाव पुरतं, किंवा 'लिनक्स-सोर्स' पॅकेज बसवलं की 'यूएसआर'मधल्या 'एसआरसी'त पॅच लावलेला दाबलेला टारबॉल येऊन पडतो. 'लिनक्स-हेडर्स' म्हणजे सोर्स नव्हे. बाहेरची मॉड्यूल बांधायला लागतात तेवढ्याच फाइली त्यात असतात. आणि डिस्कवर जागा मोकळी ठेवा, नुसता उलगडलेला कर्नल एक जीबीच्या वर जातो. बिल्डला त्याच्या कित्येक पट लागते.

फेडोरावर सगळं एकाच '.एसआरसी.आरपीएम' फाइलीत येतं. 'डीएनएफ डाउनलोड' कमांडला 'सोर्स'चा पर्याय दिला की सोर्सची भांडारं ती तेवढ्यापुरती स्वतःच चालू करते. फाइल मिळाल्यावर 'आरपीएम'ला आयचा पर्याय देऊन ती उघडायची, साध्या वापरकर्त्यानेच. मग होम फोल्डरात 'आरपीएमबिल्ड' तयार होतं, 'सोर्सेस'मध्ये टारबॉल आणि पॅच, 'स्पेक्स'मध्ये स्पेक फाइल, म्हणजे पॅकेज बांधण्याची कृती. सुडो लावलं तर हेच सगळं रूटच्या होममध्ये जातं आणि माणूस आपल्या फोल्डरात शोधत बसतो. 'मॉकबिल्ड' नावाचा वापरकर्ता नाही असे इशारे येतात, ते निरुपद्रवी. मात्र इथे टारबॉल उलगडलेला नसतो आणि पॅच लागलेले नसतात, हा डेबियनपेक्षा मोठा फरक. टारबॉल हाताने उलगडून वाचायला घेतला तर आपण पुन्हा मूळच वाचतोय, चालणारं नाही. 'आरपीएमबिल्ड'ला 'बीपी' पर्याय आणि स्पेक फाइल द्यायची, म्हणजे ते उलगडून, पॅच लावून थांबतं. बिल्डच्या डिपेंडन्सी नाहीत म्हणून अडलं आणि आपल्याला फक्त वाचायचंच असेल, तर 'नोडेप्स' जोडावं.

ओपनसुसेवर 'झिपर सोर्स-इन्स्टॉल'. त्याला सुडो लागतं, आधी सोर्सचं भांडार चालू करावं लागतं, आणि फाइली 'यूएसआर'मधल्या 'एसआरसी/पॅकेजेस'मध्ये जातात. आर्चवर सोर्स पॅकेज म्हणून मुळात बांधण्याची कृतीच मिळते, तिचं नाव पीकेजीबिल्ड. 'पीकेजीसीटीएल रेपो क्लोन'ने पीकेजीबिल्डचं गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) भांडार आणायचं, मग 'मेकपीकेजी'ला 'नोबिल्ड' पर्याय दिला की ते सोर्स उतरवून, उलगडून, पॅच लावून थांबतं. अनोळखी चावी म्हणून अडलं तर त्याच भांडारातल्या 'कीज' फोल्डरात ती बहुधा ठेवलेली असते. तपासणी बंद करणारा पर्यायही आहे. तो वापरू नका.

सही तपासूनही काय निसटू शकतं, हे २९ मार्च २०२४ रोजी सगळ्यांनी पाहिलं. एसएसएच (दूरच्या मशीनवर जाण्याच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना 'एक्सझेड' या फाइली दाबणाऱ्या प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, सापडलं. ते दार लपवलेल्या फाइली चाचणीच्या नमुन्यांच्या नावाखाली गिटमध्ये होत्या, पण त्यांना जागं करणारी 'बिल्ड-टू-होस्ट.एम४'मधली ओळ फक्त प्रसिद्ध टारबॉलमध्ये होती. गिट वाचणाऱ्याला ती दिसलीच नसती. त्याहून अंगावर येणारी गोष्ट अशी की ती स्क्रिप्ट आधी बघायची, हा डेबियनचा किंवा आरपीएमचा पॅकेज बिल्ड आहे का. नसेल तर गप्प राहायची. म्हणजे त्याच टारबॉलमधून हाताने बांधलेली लायब्ररी स्वच्छ, आणि डिस्ट्रोने बांधलेली बाधित. सहीने हे पकडलं नसतं, कारण टारबॉल प्रकल्पाच्याच माणसाने सही करून दिला होता. सही न तपासणं म्हणजे आणखी एक दार आपणहून उघडं टाकणं. टारबॉल आणि गिटमधला त्या व्हर्जनचा टॅग दोन्ही उलगडून 'डिफ' करून बघणं ही तेव्हापासून अनेकांची सवय झाली आहे. ऑटोटूल्सने (बिल्डची तयारी करणाऱ्या साधनांनी) बनवलेली 'कॉन्फिगर' फाइल फक्त टारबॉलमध्ये दिसणं स्वाभाविक असतं, त्यामुळे हा डिफ कधीच रिकामा येत नाही. वाचायचं ते नेमकं तेच उरलेलं.

काही ठिकाणी सोर्स पॅकेज मिळतं आणि आत सोर्स नसतो. डेबियनच्या 'नॉन-फ्री' विभागातल्या एनव्हीडिया ड्रायव्हरचा सोर्स मागितला तर कंपनीची बांधलेली '.रन' फाइल आणि डेबियनच्या स्क्रिप्ट येतात. फर्मवेअरच्या पॅकेजांचंही बव्हंशी तसंच. फ्लॅटपॅक या ॲप वाटण्याच्या वेगळ्या पद्धतीचा ॲप्टशी संबंधच नाही. 'फ्लॅटपॅक-बिल्डर'ने बांधलेल्या ॲपच्या आत 'मॅनिफेस्ट.जेसन' असतं, त्यात प्रत्येक घटकाच्या सोर्सचा पत्ता आणि चेकसम दिलेला असतो. तिथून एकेक मिळवावा लागतो.

वाचलेला सोर्स आणि चालणारी बायनरी खरंच एकमेकांच्या आहेत का, हे डेबियनमध्ये तपासता येतं. प्रत्येक बिल्डसोबत '.बिल्डइन्फो' फाइल बनते. त्यात बिल्डच्या वेळी बसलेल्या पॅकेजांच्या नेमक्या व्हर्जन असतात. तोच सोर्स त्याच व्हर्जनांसह पुन्हा बांधायचा आणि तयार झालेल्या '.डेब' फाइलीचा शा-२५६ भांडारातल्या फाइलीशी ताडायचा. बिल्डची वेळ आड येऊ नये म्हणून ती घड्याळावरून न घेता चेंजलॉगमधल्या सगळ्यात अलीकडच्या नोंदीवरून घेतली जाते. तरीही जुळला नाही, तर दोन्ही फाइली 'डिफोस्कोप'ला द्यायच्या. ते आतल्या प्रत्येक फाइलीपर्यंत उतरून फरक दाखवतं, आणि बरेचदा तिथे बिल्ड फोल्डरचा मार्ग किंवा एखाद्या यादीतला उलटसुलट क्रम सापडतो.